अक्काचा डावा पाय

चामराजपेटच्या एका औषधांच्या दुकानात मी दोन वर्षं बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. तेवढ्यावर घरातले मला अर्धा डॉक्टर समजत, आणि मीही ते कधी नाकारलं नाही.

अक्का, माझी थोरली बहीण, पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडे आली होती. मुलगी झाली. दहाव्या दिवशी अक्काला हुडहुडी भरून ताप आला, घाम येऊन उतरला, पुन्हा चढला. डावा पायही सुजला. मी जीभ पाहिली, नाडी धरली आणि सांगून टाकलं: ताप मलेरियाचा, पाय वाताचा. तापाला माझं कोयनेल, पायाला आईचं तेल. बाळंतिणीचं अंग आईनेच चोळायचं, ही आमच्या घरची रीत. पोटरीपासून जांघेपर्यंत ती गरम तिळाचं तेल जिरवायची.

“डॉक्टरा, स्वल्प गोड औषध दे की रे,” अक्का म्हणाली.

“औषध कडूच असतं. गोड डॉक्टर असतो.”

“तू दोन्ही नाहीस.”

चौथ्या दिवशी भावोजींनी खरे डॉक्टर आणले. त्यांनी आधी दुधाच्या गाठी आहेत का पाहिलं, नव्हत्या. मलेरियात वाढते ती प्लीहा पोटात हाताला लागेना, कोयनेलने हुडहुडीही थांबली नव्हती. पायाची कातडी लाल नव्हती. पांढरी, ताणलेली होती. मग त्यांनी जांघेत बोट टेकवलं. तिथे दोरीसारखी कडक शीर लागली आणि अक्का कळवळली.

“शिरेत रक्त साकळलंय, त्यात पू धरलाय,” ते म्हणाले. “ताप आणि पाय, दुखणं एकच आहे. पाय कुणी चोळतंय का?”

आईने हात पदराला पुसले. “दोन वेळा.”

“बंद करा. त्या गाठीचा तुकडा सुटला तर फुप्फुसात जातो.”

इस्पितळात पेनिसिलीन सुरू झालं. तिसऱ्या सकाळी अक्काला धाप लागली, खोकल्यातून रक्त आलं. दुपारी ती गेली.

तेराव्यानंतर आईने विचारलं, “चोळल्याने झालं का रे?”

“नाही. मलेरिया म्हणून चार दिवस मी घालवले, त्याने झालं.”

“तुला काय कळतंय त्यातलं,” आई म्हणाली. इतक्या वर्षांत ती हे पहिल्यांदाच म्हणाली.

पुढे माझी बायको बाळंतीण झाली, तेव्हा आई न्हाणीच्या उंबऱ्यावर बसून राहिली. तेलाला हात लावेना. मीही आग्रह केला नाही.