होळीपर्यंत कात्री नाही

मारोतराव मास्टरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते एका जास्वंदीचं माप घेत होते. माझी बदली सौसरच्या शाळेत झाली होती, सामान अजून टेम्पोतच होतं, आणि शेजारच्या अंगणात सत्तरीला टेकलेला एक माणूस उकिडवा बसून झुडपाभोवती टेप फिरवत होता. "घेर बावन्न," ते स्वतःशीच म्हणाले आणि कानावरची पेन्सिल काढून वहीत टिपून घेतलं. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "मांगच्या सालापेक्षा सुटली जी पोट्टी. जुना कोट येत नाही आता तिले."

टेम्पोवाला माझ्याकडे बघायला लागला, मी टेम्पोवाल्याकडे.

मास्टर म्हणजे शिंपी. घराच्या पुढच्या खोलीतच त्यांचं दुकान. कुणी फोनवरून मापं सांगितली तर ते सरळ फोन ठेवून देत. "आयकल्या नापावर मी शिवत नाही. मानूस समोर पायजे, नाही तं त्याचा जुना कपडा तरी पायजे." कात्रीच्या बाबतीत तर फारच कडक. तिला कुणी हात लावायचा नाही, तिने कागद कापायचा नाही. एकदा मी चुकून तिनेच दुधाची पिशवी कापायला गेले, तर मास्टर असे ओरडले की माझ्या हातातली पिशवीच पडली.

वर्षभराचं कातरण ते पोत्यात साठवत आणि दिवाळी झाली की झाडांचे कोट शिवायला घेत. जास्वंदीला सफारीच्या कापडाचा कोट, वर चार बटणं. मोगऱ्याला शाळेच्या गणवेशाचा निळा. क्रोटनला कुणा नवरदेवाच्या शेरवानीचं झगमगीत अस्तर! गारठा वाढला की संध्याकाळी सगळी मंडळी नटून उभी राहत आणि बाजारातून परतणारे लोक सायकली थांबवून बघत.

"मास्टर, टाय राहिला!" कुणीतरी हमखास ओरडे.

"लग्नाले घालीन," मास्टर शांतपणे म्हणत.

मोगऱ्याच्या कोटाला खिसा कशाला, असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, "कातरणातच होता. उसवून काय करू? पोट्ट्याले खिसा असू द्या."

मीही खूप हसले. पण त्या गमतीमागे केवढी अक्कल होती ते मला पुढे कळलं. मास्टर दुपारीच झाडाच्या बुडाशी पाणी देत, कामट्या रोवून त्यांवर कोट चढवत आणि त्याचा घेर थेट मातीला टेकवत. "मानसाचा कोट अंगाले बसला पायजे, झाडाचा बिलकुल नाही. पानाले कपडा लागला तं थंडी लागली. ढिला ठेवा अन् पाय झाका. ऊब मातीतून येते जी." सकाळी ऊन अंगणात उतरलं की कोट काढून दोरीवर वाळत टाकत.

माझ्याकडे एकच झाड होतं, अनंताचं. काटोलला आईच्या दारात होता त्याची फांदी. आई गेली, ते घरही आमचं राहिलं नाही, आणि तिच्या हातचं म्हणावं असं एवढंच माझ्याजवळ उरलं. मास्टरांनी त्याला हिरव्या पडद्याच्या कापडाचा कोट शिवून दिला होता. त्या वर्षी पौषात थंडीची लाट आली. मास्टर डोळे दाखवायला पांढुर्ण्याला, लेकीकडे गेले होते. मला वाटलं, एवढ्याशा पडद्याने काय होणार? मी अतिशहाणी! कामट्या काढून टाकल्या, अनंताला प्लास्टिक घट्ट गुंडाळलं, सुतळीने करकचून बांधलं आणि वरून कोट घातला. आईला शाल लपेटल्याचं समाधान वाटलं.

सकाळी गवतावर पांढरा थर होता. प्लास्टिक सोडलं तर चिकटलेलं पान न् पान काळं पडलेलं. मी तिथेच बसून रडले.

दुपारी मास्टर आले तेव्हा माझ्या हातात कोयता होता. "ठेवा तो खाली," ते म्हणाले. नाक खोडाला लागेल इतके वाकले आणि बुडाशी नखाने जराशी साल खरवडली. आत हिरवं होतं. "जीव आहे. आता याले होळीपर्यंत कात्री लावाची नाही."

"अहो, हे काळं सगळं तसंच ठेवायचं?"

"तसंच. कपडा कापाचा तं दोनदा मोजाचं, झाड कापाचं तं होळीपर्यंत थांबाचं. मेलं ते खालच्याले झाकून राहिलं जी."

मी थांबले. रोज त्या काळ्या काटक्या बघत थांबले. तिकडे मास्टरांचे डोळे विझत चालले होते. काचबिंदू होता. सुईत दोरा ओवायला ते मला हाक मारू लागले, आणि माघात लेक सुमनताई येऊन त्यांना पांढुर्ण्याला घेऊन गेली. जाताना त्यांनी अनंताच्या बुडाशी हात फिरवला. "घाई नका करू," एवढंच म्हणाले. मशीन दुकानातच राहिली.

होळी झाली. धुळवडीचा रंग कानामागे तसाच होता आणि मी पाणी घालत होते. जमिनीपासून वीतभर वर, काळ्या खोडातून, एक पोपटी फुटवा बाहेर आलेला! मी इतक्या जोरात ओरडले की समोरच्या घरातले दोघं साप निघाला म्हणून काठी घेऊन धावत आले.

फोन करायला घेतला आणि ठेवून दिला. ऐकल्या मापावर हा माणूस विश्वास ठेवणार होता थोडाच! मास्टरांच्याच रिळातला दोरा घेतला, फुटव्याला लावला, दोन्ही टोकांना गाठी मारल्या आणि कुंकवाच्या रिकाम्या डबीत ठेवून पांढुर्ण्याची बस पकडली. शेजारी बसलेल्या बाईंनी विचारलं, "काय जी एवढं जपून राहिल्या?" मी म्हटलं, "माप आहे." त्या जरा सरकून बसल्या.

मास्टर खाटेवर बसले होते. मी दोरा त्यांच्या चिमटीत दिला. अंगठा एका गाठीवरून दुसऱ्या गाठीवर गेला, पुन्हा मागे आला.

"कोनाचं नाप होय?"

"अनंताचं."

"दीड इंच!" ते खाटेवरून उठलेच. "अवं सुमन, चहा ठेव! दीड इंच झाला!" मग एकदम हळू आवाजात, "खाली फुटला का वरतं?"

"खाली. वीतभरावर."

"मंग आता लावा कात्री. फुटव्याच्या जराशी वरतं, तिरपी."

सुमनताईंकडून त्यांनी फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी मागवलं आणि माझ्या हातात दिलं. ती कात्री होती, तीच.

"मास्टर, ही कापडाची! लाकडाने धार जाईल हिची."

"जाऊ द्या जी. दिवाळीले नाप घेऊन या. कोट मी चाचपून बेततो, टाके तुमी मारा."

परतल्यावर उजेड होता तोवर मी काळं लाकूड कापलं. कात्रीची धार खरंच गेली. आईच्या अनंताला आज चौदा पानं आहेत.