गवताला शेंगा

वीस-एक वर्षांपूर्वी, कार्तिकात, आंबेगाव तालुक्यातल्या एका गायरानावर पंचनामा झाला. काल नारायणगावच्या बाजारात एका दुकानदाराने हुलग्याचं पोतं उघडलं, त्या तुरट, धुळकट वासाने मला तो आठवला.

बौद्धवाड्यातल्या सखूबाई ती सरकारी जमीन कसत होत्या. पिकाची नोंद झाली तरच त्यांना हक्क मागता येणार होता.

तलाठी बांधावरूनच म्हणाले, "इथं तर गवतच दिसतंय."

सखूबाईंनी एक वेल उपटून त्यांच्या हातात दिला. "भाऊ, गवताला शेंगा येत्यात व्हय?"

मागे उभ्या असलेल्या वाड्यातल्या बाया हसल्या. तलाठीही हसले आणि त्यांनी लिहिलं: पीक हुलगा, कसणार सखूबाई. त्या दिवशी तिथे जमलेल्या आम्हा सगळ्यांना जमीन मिळाल्यासारखंच वाटलं.

यंदाही तिथे सखूबाईंच्या सुनेने पेरणी केली. सातबाऱ्यावर मालक म्हणून आजही सरकारचं नाव आहे.