तानाजी साबळेची गिनती

सुभेदार महिपतराव शेडगे महेंद्र भोईरच्या आयुष्यात आले ते "थम!" या एकाच शब्दानं. बाळकुमच्या सोसायटीत महेंद्र गाडी मागे घेत होता. ती हाक आली आणि गाडी थांबली, इथपर्यंत ठीक. पण दूधवाल्याची सायकल थांबली, बी विंगची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबली, उडता कावळा हवेत थांबला, आणि खाडीपलीकडे कळव्यात म्हणे एक वरात थांबून नवरदेव घोड्यावर सावधान बसला. गाडीमागे एक मांजर झोपलेलं. ते आधीच थांबलेलं असल्यामुळे त्याला काही फरक पडला नाही.

"आरसा कशाला लावलाय रं गाडीला? भांग पाडायला?"

महेंद्रला असं कुणी बोलत नसे. त्याच्या आजोबांच्या भातखाचरांवर ही सोसायटी उभी होती, त्यामुळे तो जन्मसिद्ध सेक्रेटरी. झेंडावंदन, गणपती, गरबा, रक्तदान, सगळं तोच करी आणि सगळं एकाच पद्धतीनं करी : व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकी. ग्रुपवर टाकलं की त्याच्या लेखी काम झालं. असा हा राजा माणूस महिपतरावांना मात्र वचकून असे, आणि रोज संध्याकाळी त्यांच्या शिव्या खायला आपणहून बागेतल्या बाकावर जाऊन बसे.

महिपतराव साताऱ्याकडचे, एकाहत्तरच्या लढाईतले. बायको गेल्यापासून एकटेच राहत. त्यांचा राग त्यांच्या मिशीसारखाच होता, रोज सकाळी पीळ दिलेला. सगळ्यात जास्त राग एका प्रश्नावर.

"भेटंल तो इचारतो, किती मारले? अरे, मी काय खाटीक हाय?"

"मग नेमकं काय केलेलं काका तुम्ही?"

"थंडीत कुडकुडलो. वाट बघितली. लढाई म्हंजे तेच." मग ते तानाजीवर येत. सिपाही तानाजी साबळे. बेसूर गायचा. दुसऱ्याच्या वाटणीचा गूळ चोरायचा, आणि पकडला गेला की पकडणाऱ्यालाच अर्धा द्यायचा. डिसेंबरातल्या एका सकाळी पुढच्या चौकीवर चहाची बादली घेऊन निघाला आणि वाटेत गोळा पडला. "चहाबी पोचला न्हाई आन् तानाजीबी."

फौजेत हजेरीला गिनती म्हणतात. महिपतरावांच्या तुकडीची एक रीत होती. मेलेल्याच्या दिवशी जुने गडी जमायचे, रांगेत उभे राहायचे, एकानं मेलेल्याचं नाव पुकारायचं आणि बाकीच्यांनी त्याच्या वतीनं "हजर" म्हणायचं. दरवर्षी रांग आखूड होत गेली. शेवटी दोघंच उरले. खडवलीहून नाथा यायचा, महिपतराव पुकारायचे, नाथा "हजर" म्हणायचा, मग दोघं मिसळ खायचे. मग एका दिवाळीत नाथाही गेला, आणि डिसेंबरातला तानाजीचा दिवस कोरडा गेला.

"एकट्यानंच हाक मारायची आन् एकट्यानंच ओ द्यायची, म्हंजे लोक ठाण्याच्या मेंटल हॉस्पिटलात न्हेऊन घालतील," महिपतराव म्हणाले. मग कधी नव्हे तो त्यांचा आवाज उतरला. "सव्वीस जानेवारीला माणसं जमत्यात न्हवं तुझी? एक डाव 'हजर' म्हनतील का?"

"काका, टेन्शनच नका घेऊ! अख्खं कॉम्प्लेक्स ओरडेल!" महेंद्रला भरून आलेलं. त्यानं तिथल्या तिथे मोबाइल काढला आणि ग्रुपवर टाकलं. वर तिरंगे लावले. पाठोपाठ पाण्याच्या टँकरवरून भांडण आलं, त्यावर कुणाच्या तरी कुत्र्याचा वाढदिवस आला, आणि तानाजी खाली गाडला गेला.

सव्वीस जानेवारीला महिपतराव पदकं लावून उतरले. बूट असे चमकत होते की शेजारून जाणाऱ्यानं केस नीट करावेत. झेंडा फडकला. मग मुलांची वेशभूषा झाली, त्यात चार झाशीच्या राण्या आणि एक स्ट्रॉबेरी. प्रमुख पाहुण्यांचा पत्ता नव्हता, म्हणून महेंद्र पुष्पगुच्छ घेऊन गेटवर ताटकळत होता. माइक जागृतीकडे. ही एरवी लोकांच्या लग्नात संगीत सोहळ्याचं निवेदन करणारी मुलगी.

"आता आपले लाडके सुभेदार अंकल! अंकल, पटकन एक थरारक किस्सा! किती दुश्मन मारले?"

महिपतरावांनी माइक घेतला. तानाजी सांगितला. गूळ सांगितला, बादली सांगितली. मागच्या रांगेत वडापावचे कागद वाजत होते.

मग ते सावधान झाले. "सिपाही तानाजी साबळे!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"सिपाही तानाजी साबळे!"

आणखी टाळ्या. कुणीतरी शिट्टी मारली.

तिसऱ्यांदा नाव पुकारलं तेव्हा डीजेला वाटलं, हा आपल्यासाठी इशारा. त्यानं देशभक्तीचं गाणं लावलं, ढोलासकट.

"बंद कर ते!" कळव्यापर्यंत पोचणारा तो आवाज माइकमधून आला आणि स्पीकर किंचाळला. "टाळ्या कसल्या वाजिवता? माणूस मेलाय तो! चहा पोचवताना मेला, म्हणून काय त्याला नाव न्हाई? हाक मारली तर ओ देत्यात, एवढंबी शिकिवलं न्हाई का तुमच्या आईबापानं? मारलेलं मोजायला पायजे तुमास्नी. मेलेलं कोन मोजनार?"

स्ट्रॉबेरीनं डोक्यावरची हिरवी पानं काढून हातात घेतली.

"थँक यू अंकल! किती इमोशनल ना?" जागृती म्हणाली. "आता वळूया लकी ड्रॉकडे!"

महेंद्र गेटवरून धावत आला तोवर महिपतराव लिफ्टपाशी पोचले होते.

"काका! मी टाकलेला मेसेज! ग्रुपवर टाकलेला, शप्पथ! टँकरच्या भांडणात खाली गेला!"

"ग्रुपवर." महिपतरावांनी तो शब्द चहात पडलेली माशी काढावी तसा उच्चारला. "माझ्या तानाजीला तू टँकरच्या भांडणाखाली पुरलास व्हय रं?"

महेंद्रनं पुष्पगुच्छ खाली टाकला. पोट आत घेतलं, टाचा जुळवल्या. त्याला स्वतःलाच आपण कसे दिसतोय ते कळत होतं. "हजर," तो म्हणाला.

महिपतरावांनी त्याच्याकडे पाहिलं.

"परेड सुटली," ते म्हणाले, आणि लिफ्टचं दार लागलं.

एप्रिलमध्ये महिपतराव मुलीकडे राहायला गेले. फ्लॅट भाड्यानं दिला आहे. या वर्षी सव्वीस जानेवारीला तंबोला ठेवला होता.