हाई आते तुमनं शे का?

चष्मा कपाळावर सरकवायचा, हातात दिलेल्या शोधनिबंधाचं शेवटचं पान आधी बघायचं आणि मग विचारायचं, "ताई, हाई आते तुमनं शे का?" आमच्या तालुक्याच्या कॉलेजातले ग्रंथपाल प्रत्येकाला हे विचारायचे. सगळे त्यांना नाना म्हणत. आपणच घाम गाळून लिहिलेल्या निबंधाबद्दल कुणी 'हे आता तुमचं आहे का' असं विचारलं की डोकं कसं फिरतं, ते कुठल्याही प्राध्यापकाला विचारून बघा.

माझंही फिरलं होतं. प्राध्यापकांचे निबंध कॉलेजच्या ऑनलाइन भांडारात ठेवायचे, म्हणजे कुणालाही फुकट वाचता येतील, असं ठरलं होतं. ते काम नानांकडे होतं. मासिकात छापून आलेला माझा निबंध घेऊन मी ऐटीत त्यांच्यापुढे उभी राहिले, तर त्यांनी मला मासिकाचा करारच आणायला लावला. छापून येणार या आनंदात मी सगळे हक्क मासिकाला लिहून दिले होते.

"सही करताना वाचं नही का?"

मी कुठली वाचतेय, कप्पाळ. मग तेच समजावत म्हणाले, "तुमनी टाइप करेल प्रत लई या. ती चालस. त्यास्नं छापेल पान नही चालस." मी पाय आपटत गेले आणि दुसऱ्या दिवशी मुकाट्याने प्रत आणून दिली. सगळ्यांच्या अशा प्रती ठेवायला त्यांनी एक कपाट केलं होतं. त्यात फक्त त्यांची स्वतःची प्रत नव्हती.

नानांनी जन्मात एकच निबंध लिहिला. नर्मदाकाठचं मणिबेली बरंचसं धरणाच्या पाण्याखाली गेलं. तिथल्या एका म्हाताऱ्याला बुडालेल्या प्रत्येक शेताचं, नाल्याचं, टेकाडाचं नाव पाठ होतं. नाना सपाटीवरच्या कळसाडीचे, उसा-कापसाच्या घरातले. यांचा त्या डोंगरांशी काय संबंध? पण सुट्ट्या लागल्या की बोटीने जायचे, म्हाताऱ्याशेजारी बसून लिहून घ्यायचे. ती यादी मासिकात छापून आली. तेव्हा त्यांनीही न वाचताच सही ठोकली होती. टाइप केलेली एकुलती एक प्रत म्हाताऱ्याला नेऊन दिली. "जेन्हं व्हतं, त्याले दिनं," एवढंच सांगायचे.

पुढे त्या म्हाताऱ्याची नात आमच्याकडे बी.ए.ला आली आणि पांगलेल्या गावकऱ्यांनाही वाचता यावी म्हणून तिने आजोबांची यादी भांडारात मागितली. मासिकाच्या साइटवर ती पैसे भरल्याशिवाय उघडत नव्हती, आणि छापील पानं नानांच्याच नियमाने चालत नव्हती. टायपिंगवाल्याचं दुकान कधीच बंद पडलं होतं. म्हातारा आदल्या वर्षी वारला होता, पण कागद घरात असतील, असं मुलीला वाटत होतं. नाना तिच्याबरोबर निघाले, मीही गेले.

माणसाला जे जवळचं, ते त्याच्याबरोबर द्यायचं, अशी त्या घरची रीत. मुलीच्या काकाने शांतपणे सांगितलं: कोयता दिला, बासरी दिली, आणि उशाशी असायचे ते कागदही चितेवर ठेवले. नाना म्हणाले, "बरोबर करं." परतताना बोटीत त्यांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतलाच नाही.

शांत बसणं माझ्या स्वभावातच नाही. मी म्हणाले, "नाना, छापील पानंच चढवा ना. आपल्या आडगावात कोण बघतंय?" तीन दिवस ते नाही म्हणत होते. मी रोज मागे लागले, मुलीलाही त्यांच्यासमोर नेऊन उभं केलं. चौथ्या दिवशी त्यांनी चढवली. मणिबेलीची माणसं जिथे जिथे पांगली होती, तिथे फोनवर आपल्या शेतांची नावं वाचू लागली. मला फार शहाणपणा केल्यासारखं वाटलं.

दोन महिन्यांत मासिकाच्या प्रकाशकाची नोटीस आली. प्राचार्य घाबरले. नुसती यादी काढून ते थांबले नाहीत, भांडारच बंद करून टाकलं. बैठकीत नानांना उभं करून विचारलं, "इतरांना नियम शिकवता, आणि हे कुणाच्या सांगण्यावरून केलं?" नाना म्हणाले, "मन्ही चूक शे." त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी दोन खुर्च्या सोडून बसले होते आणि तोंड शिवल्यासारखी गप्प राहिले. एरवी माझा आवाज व्हरांड्यापर्यंत जातो. त्या दिवसाची मला अजून लाज वाटते.

त्यानंतर ते कुणाला काही विचारायचे नाहीत. मात्र एक वही लिहायला घेतली. प्रत्येक नावामागची हकिकत म्हाताऱ्याने सांगितली होती. जागा नाही म्हणून मासिकाने ती कापली होती. आता ती फक्त नानांच्या डोक्यात होती. "नावं काय कोन्हा बापनी शेतस का?" म्हणाले. "आते सगळं नवीन लिखस." तोवर पोटाचं दुखणं वाढलं होतं. ऊसतोड चालू असताना ते गेले.

दहाव्यानंतर मी त्या मुलीला घेऊन कळसाडीला गेले. नानांच्या बायकोने वही आणून पुढ्यात ठेवली. पहिल्याच पानावर लिहिलं होतं: "हाई मन्हं शे. कोन्हीबी वाचा, कोन्हीबी उतरी ल्या." खाली सही, तारीख. एवढी चोख परवानगी, आणि चढवायला भांडारच उरलं नव्हतं. ते मी घालवलं होतं.

मुलीने फोन काढला आणि एकेका पानाचा फोटो घेऊ लागली. नाव, पुढे हकिकत. शेवटच्या पानावर ती थांबली. तिथे तिच्या आजोबांच्या शेताचं नाव होतं. पुढे नानांच्या अक्षरात "म्हणजे" एवढंच, आणि खाली पान कोरं.

"याचं काय असेल, मॅडम?"

मला माहीत नव्हतं. माहीत असलेले दोघेही आता नव्हते. तिने वही नीट सरळ केली आणि त्या कोऱ्या पानाचाही फोटो काढला.