बिब्ब्याचे दोन ठिपके

आठ महिने वाट पाहून कमळाबाईला चंद्रपूरच्या दवाखान्यात ऑपरेशनची तारीख मिळाली होती. चाळीस वर्षं चिखलात धानाचा रोवणा केलेला. उजव्या गुडघ्याची आतली बाजू पार झिजून गेलेली. बाहेरची बाजू मात्र धड होती. म्हणून डॉक्टर म्हणाले होते, "अर्धाच गुडघा बदलू. आतल्या बाजूनं छोटा छेद. सांध्याचे बंध शाबूत राहतील, लवकर चालाल." फक्त त्या जागी साधं खरचटूही द्यायचं नाही, नाहीतर पाय गमवाल, ही सक्त ताकीद.

आणि नवऱ्यानं काय करावं? आदल्या सांजेला बायकोचं कण्हणं ऐकवेना, म्हणून गुणवंतरावानं बिब्बा तापवला आणि नेमके त्याच जागी दोन ठिपके दिले! बापजाद्यांपासूनचं औषध ना ते. धन्य तो माणूस! सकाळपर्यंत बिब्बा उतला, ठिपक्यांखालची कातडी सोलवटली.

दवाखान्यात पाय पुसताना नर्सनं विचारलं, "हे काळं काय?"

"जुना डाग हाय," गुणवंतराव घाईनं बोलला. तारीख हुकली तर पुन्हा आठ महिने, ही त्याला धास्ती.

मग डॉक्टर आले आणि छेदाची रेघ आखायला लागले. पेन ठिपक्यांकडे सरकत होतं. बोलावं तर तारीख जाते, न बोलावं तर पायच जायचा. नवरा डोळ्यांनी विनवत होता, बोलू नको.

"थांबा साहेब!" कमळाबाई बोलली. "जुना नाई तो डाग. कालचा बिब्बा हाय. मीच लावला."

डॉक्टरांनी वाकून पाहिलं. ठिपक्यांतून पाणी झरत होतं. "अहो बाई, यातून चिरलं असतं तर जंतू थेट सांध्यात गेले असते! आज ऑपरेशन नाही. चामडी भरून आली की बघू."

"खोटं बोलून राह्यली ते, साहेब," गुणवंतराव भिंतीला टेकून खालीच बसला. "मी लावला. मले पाहवत नव्हतं." चारचौघांत तो लेकरासारखा रडायला लागला.

कमळाबाई खाटेवरून उतरली. त्याच्याजवळ बसावं असं तिला फार वाटलं, पण गुडघा वाकेना. उभ्यानंच तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"उठा न आता. पाय वाचला माया. वाकून तुमाले उचलाले मले नाई जमत अजून."