होविताचं बिनपाऱ्याचं सोनं

होविता पालासिओस भांडायला उभी राहिली की आमच्या चोको प्रांतातल्या नदीकाठची कुत्रीसुद्धा वाट बदलतात. चाळीस वर्षं मी तिच्या शेजारी कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून सोनं धुतलंय, तेव्हा हे बोलायचा मला हक्क आहे.

तरुणपणी तीही आम्हा सगळ्यांसारखीच मूर्ख होती. व्यापारी आबेलच्या बापाने पाऱ्याच्या बाटल्या फुकट वाटल्या आणि आम्ही हसत घेतल्या. परातीतल्या काळ्या वाळूवर पारा ओतला की घटकाभरात सोन्याचा गोळा हाती यायचा. तो आम्ही चुलीवर भाजायचो, मासे तळायच्या तव्यातच, पोरं मांडीवर घेऊन. त्या धुरात विष आहे हे सांगायला कुणी आलं नाही. होविताच्या हातांना कंप सुटला तो तिथूनच. दवाखान्यातल्या बाईंनी कारण सांगितलं, त्या दिवशी तिने घरातली बाटली नेऊन त्यांच्या टेबलावर आदळली आणि आजीची रीत पुन्हा धरली. बाल्सोच्या झाडाची पानं पाण्यात चोळायची, फेस काढायचा, त्या पाण्यात वाळू धुवायची. वाळू वाहून जाते, सोनं तळाशी बसतं. पाच तास लागतात आणि कंबर मोडते.

गेल्या वर्षी तिने आम्हा सात जणींची मोट बांधली. शहरातला इग्नासिओ बिनपाऱ्याचं सोनं थेट परदेशी सोनारांना पाठवतो, आबेलपेक्षा भाव बरा. सगळ्यांचं सोनं एका पुडीत जातं आणि पारा सापडला तर सातही जणी बाद. होविताने त्यावर आपला नियम चढवला: जिच्या घरात पारा, ते घर महिनाभर बाहेर.

परवाच्या शनिवारी आम्ही चर्चच्या ओसरीवर पुडी बांधायला बसलो. होविताची मुलगी लुसेली तीन महिन्यांचं लेकरू घेऊन आली आणि तिने आपलं सोनं पुढे ठेवलं. खडे पांढुरके होते, ठिसूळ. पारा भाजलेलं सोनं मी झोपेतही ओळखेन. खरं सांगते, मी गप्प बसले असते.

होविताने कापत्या बोटांनी एक खडा उचलला. "हे काय गं?"

"आई, पोर एवढं रडतं. पाच तास पाण्यात कशी उभी राहू? आबेलशेठनं बाटली दिली. पारा एकदाच वापरला."

"भाजलंस कुठं?"

लुसेलीने लेकराला छातीशी ओढलं.

"चुलीवर ना? ह्याला जवळ घेऊन?"

पुडी न्यायला आलेला इग्नासिओ माणूस भला, पण गुळमुळीत. म्हणाला, "मावशी, एवढंसं तर आहे. सोनार दहातली एखादीच पुडी तपासतात. घाला."

"तुला एवढंसं दिसतं, मला माझे हात दिसतात! हिचं बाजूला काढ. आणि माझंही."

"तुमचं कशाला? तुमचं चोख आहे!"

"आम्ही एका छपराखाली राहतो. नियम मी केला, आता मोडायलाही मीच पुढे होऊ?"

मी म्हटलं, "अगं, तुझं काढलं तर पुडीत उरेल काय?"

"उरेल ते स्वच्छ उरेल. बांध तू."

मला तिचा राग आला आणि अभिमानही वाटला. पाच जणींचं सोनं गेलं, मायलेकींचं परत आलं. दुपारी होविता लुसेलीला हाताला धरून नदीत घेऊन गेली. लेकराला मी घेतलं आणि लुसेलीला सांगून टाकलं, "ह्यापुढे रोज आम्ही आळीपाळीने सांभाळू. तू पानं चोळ."

तेवढ्यात काठावर आबेल हजर. बातमी त्याला कधीच उशिरा कळत नाही. "काय होविता, स्वतःच्याच जाळ्यात सापडलीस म्हणे! महिनाभर तुझं सोनं घ्यायला माझ्याशिवाय आहे कोण?"

होविता हातातली पानं चोळत राहिली.

मग तो लुसेलीकडे वळला. खिशातून बाटली काढून तिच्यासमोर धरली. "म्हातारीचं सोड. तुला घाई आहे, पोरी. धर. आजच सोनं कर, आजच विक."

लुसेलीने बाटलीकडे बघितलं, मग माझ्या कुशीतल्या लेकराकडे.

"ठेवा ती खिशात, शेठ," ती म्हणाली. "सोनं काय केळं आहे, महिन्याभरात नासायला?"