धाकटीसाठी वाळा

आमच्या घरात टट्टी म्हणायला बंदी होती. माझं पुढचं सगळं रामायण त्या बंदीपायी घडलं, म्हणून ती आधी सांगते.

मामंजी परभणीच्या कचेरीत कारकून होते. निजामाचं राज्य, कारभार सगळा उर्दूत. शेती झरीला होती, ती बटईनं दिलेली, आणि आम्ही परभणीत भाड्याच्या घरात. उन्हाळा लागला की कचेरीच्या दारांना वाळ्याचे पडदे लागत. बांबूच्या कामट्यांची दाराएवढी चौकट, तिच्यात वाळ्याची मुळं दाबून भरलेली आणि सुतळीनं आवळलेली. त्यावर पाणी मारत राहिलं की बाहेरची झळ आत येईपर्यंत गार होते, आणि धुरळा मुळांतच अडकतो. कचेरीतले लोक त्याला खसची टट्टी म्हणत. मामंजींनी तसा एक पडदा घरी करून आणला आणि पाटावर बसता बसता मोठ्या कौतुकानं म्हणाले, "आजपास्नं आपल्या घरी बी टट्टी."

सासूबाईंच्या हातातली पळी तिथंच थांबली. "जेवणाच्या वक्ताला काय ही भाषा! घरात देव हाईत."

"बरं, ताटी म्हणा," मामंजी म्हणाले. त्यावर तर सासूबाई जास्तच भडकल्या. आमच्याकडं माणूस गेलं की त्याची ताटी बांधतात. "जित्या माणसांच्या घरात ताटी बांधता व्हय?"

टट्टी गेली, ताटी गेली, उरला नुसता वाळा. तेव्हापासून आमच्याकडं वाळा भिजवायचा, वाळा झटकायचा, वाळा बदलायचा. दुसरं नावच नाही.

वाळा माझ्याकडं आला, कारण मी थोरली सून. आमचे हे कापसाच्या जिनिंगवर कामाला, दिवसभर बाहेर. मी सकाळी ऊन चढायच्या आत पडदा उतरवायची, अंगणात भिंतीला टेकवून काठीनं झोडायची. काळ्या रानाचा धुरळा पिठासारखा खाली पडायचा. तो आत आला असता तर आमच्या नाकात गेला असता. मग हौदावर नेऊन धुवायची आणि काळी, बुळबुळीत झालेली मुळं निवडून काढायची. मुळं कुजली की वाळ्याला आंबूस वास सुटतो. तो मला दोन खोल्या पलीकडून यायचा. काढलेल्या जागी नवी मुळं भरायची, नाहीतर भोक पडतं आणि झळ नेमकी तिथून घुसते. दुपारभर तांब्यानं पाणी मारायचं, तेही बेतानं. जास्त झालं की सारवलेल्या जमिनीचा चिखल, कमी झालं की घराचा तवा.

पाहुणे आले की सासूबाई सांगायच्या, "वाळा आमच्या थोरलीच्याच हातचा." त्या घरात मला मिळालेलं कौतुक म्हणजे एवढंच. लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. सासूबाईंनी पोखर्णीच्या नरसिंहाला नवस केला होता, पहिल्या नातवाच्या एका पायात चांदीचा वाळा घालून त्याला तुझ्या पायावर घालीन म्हणून. नवस माझ्या नावानं बोलला होता, पण वाट बघून त्यांचा जीव आंबला होता. झरीला त्यांच्या भावाची मुलगी लग्नाची होती. दिवाळीपर्यंत बघू, नाहीतर तिला थोरल्यासाठी आणू, असं त्या दरसाल आल्यागेल्यापाशी बोलायच्या, मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. एखाद्या दिवाळीला आपल्या कपाळी सवत येणार, हे मी धरूनच चालले होते.

अशात धाकट्या दिराचं लग्न झालं आणि धाकटी घरात आली.

ती पूर्णेची. तिचे वडील रेल्वेत होते, दीरही पूर्णेलाच रेल्वेत लागले होते आणि सुट्टीला घरी यायचे. धाकटी गोरी, हसरी आणि बोलायला फटाकडी. पूर्णेच्या साहेबाच्या बंगल्यात असं असतं आणि तसं असतं, हे तिचं दिवसभर चालायचं. पहिल्याच उन्हाळ्यात ती मला म्हणाली, "आक्का, कशाला तांब्या घेऊन नाचता? बंगल्यात डबा लावत्यात." तिनं रॉकेलच्या रिकाम्या डब्याला खिळ्यानं भोकं पाडून घेतली, डबा चौकटीच्या वर टांगला आणि पाण्यानं भरला. पाणी आपोआप थेंब थेंब वाळ्यावर गळू लागलं.

मी मनात म्हटलं, गोष्टी बंगल्याच्या आणि हातात रॉकेलचा डबा. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! पण घरात सगळ्यांना त्या डब्याचं कोण अप्रूप. सासूबाई पाहुण्यांना सांगू लागल्या, "आमची धाकटी लय हुशार." शेजारणी डबा बघायला आल्या. मुळं निवडत होते मी, धुरळा खात होते मी, सुतळीनं बोटं कापून घेत होते मी. आणि गारवा मात्र धाकटीचा. माझा नुसता जळफळाट झाला. सगळं घर थंडगार वाऱ्याला पडलेलं असायचं आणि मी त्याच वाऱ्यात बसून पेटलेली. तिचं हसू मला सोसवेना, तिचे केस सोसवेनात, आणि एक दिवस वरच्या आळीच्या बाईनं वाळ्यापाशी बसून "ह्या धाकटीचा पायगुण चांगला हाय" म्हटलं, तेव्हा माझ्या हातातला तांब्या हौदात पडला.

पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी मी माजघराच्या दारामागं ज्वारी निवडत होते. सासूबाई मामंजींना म्हणाल्या, "धाकटीसाठी वाळा आणाया सांगा. चांगला बघून आणा, हलका नको. थोरलीला इतक्यात बोलू नगा, तिच्या पोटात दुखंल."

माझ्या हातातलं सूप तसंच राहिलं. धाकटीसाठी वाळा. म्हणजे नवसाचा चांदीचा. म्हणजे धाकटीला दिवस गेले होते.

त्या दोन शब्दांचा दुसरा अर्थ मला सुचला नाही, याचं आज हसू येतं. तेव्हा मला खुणाच खुणा दिसू लागल्या. धाकटी दळताना मधेच थांबली, म्हणजे झालंच. धाकटी भिंतीला टेकून बसली, म्हणजे झालंच. धाकटीनं चिंच तोंडात टाकली, मग तर शंकेलाच जागा उरली नाही. चिंचा फोडायला बसलेली बाई चिंच खाणारच. मीही खात होते. पण स्वतःच्या तोंडातली चिंच कुणाला दिसते?

कालची आलेली पोर, आणि देव तिला आधी पावला. आता झरीची मुलगी दिवाळीचीही वाट बघणार नाही, असं मला वाटायचं. त्या दिवसांत मी डबा असूनही तांब्यानं वाळ्यावर पाणी मारायची, ते एखादीच्या तोंडावर मारावं तसं. यांनी दोनदा विचारलं, "बरं न्हाई का?" मी म्हटलं, "मला काय धाड भरलीय."

मग दीर सुट्टीला आले. मामंजी, हे आणि दीर, तिघं जेवायला बसले होते. मी भाकरी वाढत होते, धाकटी तूप. सासूबाई समोर बसून मला म्हणाल्या, "थोरले, उद्यापास्नं धाकटीला पाणी शेंदाया लावू नको. चार दिवस इसावा घेऊ दे तिला."

माझा तोल गेला. मामंजींसमोर मी कधी आवाज काढला नव्हता. त्या दिवशी पदर ओढून घेतला आणि भिंतीकडं तोंड करून बोलले, "पहिल्या नातवाचा वाळा करायलेत, तर माझ्यापासून चोरून का? मी काय दृष्ट लावणार हाय त्याला?"

"कोणचा नातू?" सासूबाई म्हणाल्या.

"धाकटीचा."

धाकटीच्या हातात तुपाची वाटी तशीच. ती कानापर्यंत लाल झाली. "मला कायबी न्हाई हो आक्का," असं म्हणाली आणि तिथंच रडायला लागली.

मामंजींना आधी काही उमगेना. मग उमगलं आणि घास घशात अडकला. पाणी पिऊन ते ओरडले, "अगं, टट्टीचा वाळा! खसच्या टट्टीचा!"

सासूबाईंनी दोन्ही कानांवर पदर दाबला. पण आता कोण थांबतंय? दिराला पूर्णेला रेल्वेचं क्वार्टर मिळालं होतं. वर पत्रा, उन्हाळ्यात भट्टी. धाकटी तिकडं राहायला जाणार, म्हणून तिला चार दिवस विसावा, आणि म्हणूनच तिच्या दाराला वाळ्याचा नवा पडदा करून द्यायचा होता. वेगळं बिऱ्हाड तिला मिळणार म्हटल्यावर मला वाईट वाटेल, म्हणून ते मला सांगायचं नव्हतं.

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. सासूबाईंना मात्र चेव चढला. "भरल्या ताटावर समद्यांचा इचका केलास. थांब, दिवाळीची बी वाट बघत न्हाई. झरीची पोरगी आणते, मग बस तिच्या नावानं जळत."

आमचे हे तोंडानं फार मोठे नव्हते. आईपुढं तर कधी ब्र काढला नव्हता. त्यांनी ताटातली नजर वर केली नाही. नुसतं म्हणाले, "झरीची पोरगी येणार न्हाई. मी दुसरं लगीन करणार न्हाई." आणि मग मला, सगळ्यांच्या देखत, "भाकरी वाढ."

मामंजी कचेरीतल्यासारखं म्हणाले, "मामला खतम." सासूबाई उठून देवघरात गेल्या. मी वाढलेली भाकरी ताटाच्या बाहेर पडली. यांनी ती उचलून आत घेतली.

दुपारी आम्ही दोघी हौदावर राखेनं भांडी घासत होतो. धाकटीचे डोळे सुजलेले. मला वाटलं, आता ही मला चार शब्द ऐकवणार, आणि तिचा हक्कच होता. पण ती परातीकडं बघत म्हणाली, "आक्का, तुमचं लय बरं हाय."

"माझं काय बरं?"

"भावजी बोलले तुमच्यासाठी. माझ्यावर तुमी येवढं बोललात, मी समोर रडायले, आणि ह्यांनी मान वर करून बघितलं बी न्हाई."

मी तिची समजूत काढायला हवी होती. पण खरं सांगते, वाळ्याच्या वाऱ्यानं कधी लागला नाही तेवढा गारवा मला त्या शब्दांनी लागला. माझ्याकडं काहीतरी होतं आणि ते धाकटीला हवं होतं. मी परात तिच्या हातातून ओढून घेतली आणि उरलेली सगळी भांडी एकटीनं घासली. अंगात बळच तेवढं आलं होतं.

तिच्या पूर्णेच्या दाराचा वाळा मीच बांधला, आणि चांगला बांधला. ती स्वतःच्या चुलीची, स्वतःच्या दाराची मालकीण झाली, ह्याचा मला हेवा वाटला, तो आजही वाटतो. पुढं तिला मुलं झाली. पहिल्याच्या पायात तो चांदीचा वाळा पोखर्णीला सासूबाईंनी घातला आणि मी गर्दीत मागं उभी राहून बघितला. मला मूल झालं नाही. त्या दिवशी काय वाटलं ते सांगायला माझ्याकडं शब्द नाहीत, आणि असते तरी सांगितले नसते.

आता आम्ही दोघी म्हाताऱ्या. धाकटीकडं सगळं आहे, नातवंडांचा गोतावळा आहे. चार बाया जमल्या की अजून तीच आपण होऊन ती गोष्ट काढते, भावजी ताटावर बसून आईला कसे बोलले ती. बाया माझ्याकडं बघतात. मी तिला सगळी गोष्ट सांगू देते. आणि ती थांबली की हळूच विचारते, "आणि तुझ्या नवऱ्यानं तवा काय केलं गं?" मग ती एखाद्या नातवंडाला हाक मारते, आणि मी तिच्याकडं बघत राहते.